ठिपक्यांचे कूळ

ऑक्सिजनच्या ‘ओ’भोवती सहा ठिपके, नायट्रोजनच्या ‘एन’भोवती पाच, कार्बनच्या ‘सी’भोवती चार. शाळेत विज्ञान शिकलेल्या माणसाच्या वहीत हे ठिपके कधी ना कधी पडलेले असतात. महाराष्ट्रात बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ नावाचा धडा आहे. केंद्रक, कवचे, संयुजा इलेक्ट्रॉन असे करत मूल तिथून रासायनिक बंधाकडे जाते आणि ठिपके मांडू लागते. इकडे फ्रीमाँटमध्ये तेच ठिपके हायस्कूलच्या केमिस्ट्रीच्या वर्गात भेटतात. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये विज्ञानाची जी मानके स्वीकारली, त्यांत हायस्कूलच्या मुलाकडून एक अपेक्षा आहे. अणूच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर किती इलेक्ट्रॉन आहेत ते पाहून, आवर्तसारणीच्या आधाराने, त्याने त्या मूलद्रव्याचा स्वभाव सांगावा. ठिपके मांडायचे ते त्यासाठीच.

फ्रीमाँटमधल्या मराठी घरांत या गृहपाठापाशी दोन पिढ्या हमखास एकत्र येतात. आईबाबा साताऱ्याला, नाशिकला, पार्ल्यात ‘के, एल, एम, एन’ पाठ करून आलेले असतात आणि मूल आयर्व्हिंग्टनच्या किंवा मिशन सॅन होजेच्या शाळेत तेच इंग्रजीतून शिकत असते. ‘बाहेरच्या कवचात किती? मग आठ व्हायला किती हवेत?’ हा प्रश्न दोघांनाही येतो. दोघांनाही सहसा कुणी सांगितलेले नसते ते हे, की हे ठिपके ज्या गावातून जगभर गेले ते बर्कली इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. १९५६ मध्ये सेंटरव्हिल, नाइल्स, आयर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे एकत्र येऊन फ्रीमाँट शहर झाले. १९७२ मध्ये बार्ट रेल्वे सुरू झाली तेव्हा तिचे दक्षिणेकडचे टोक इथे होते. आज फ्रीमाँटला ऑरेंज लाइनच्या गाडीत बसले, की डब्यातून न उतरता डाउनटाउन बर्कलीला पोचता येते. आपल्या मुलांच्या वहीतल्या ठिपक्यांची कुळकथा आपल्या इतक्या शेजारची आहे, म्हणून ती इथल्या मराठी घरांत तरी माहीत असावी असे मला मनापासून वाटते.

या कथेची सुरुवात मात्र बर्कलीत होत नाही. ती होते अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, हार्वर्ड विद्यापीठात, १९०२ साली. गिल्बर्ट न्यूटन लुईस हा सव्वीस वर्षांचा तरुण तिथे नवख्या मुलांच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवत होता. विषय होता आवर्ती नियमाचा. मूलद्रव्ये ओळीने मांडली की ठरावीक टप्प्यावर तेच गुण पुन्हा का उगवतात, हे मुलांना समजावून सांगताना त्याच्या मनात एक चित्र तयार झाले. अणूची ठिपक्यांची मांडणी अशी फळ्यासमोर, नवशिक्यांना शिकवता शिकवता सुचलेली आहे. हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते. मोठ्या शास्त्रज्ञांनी शोध लावला आणि मग तो सोपा करून मुलांपर्यंत आणला, असा आपला नेहमीचा समज असतो. इथे मुलांसाठी केलेल्या सोप्या चित्रातूनच पुढे मोठे शास्त्र उभे राहिले.

त्या वेळी हाताशी किती थोडे होते, ते पाहण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉन सापडून जेमतेम पाच वर्षे झाली होती, जे. जे. थॉमसनने तो १८९७ मध्ये केंब्रिजला दाखवला. केंद्रक कुणाला ठाऊक नव्हते. अणूत एकूण इलेक्ट्रॉन किती, हेही ठाऊक नव्हते. पण राजवायू नुकतेच हाती आले होते. १८९४ मध्ये अरगॉन मिळाला, १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन. कुणाशीच संयोग न पावणारे हे वायू आवर्तसारणीच्या कडेला एका रांगेत बसत होते. त्यांच्या एक घर अलीकडची फ्लोरीन, क्लोरीन ही मूलद्रव्ये एक इलेक्ट्रॉन मिळवायला अधीर, आणि एक घर पलीकडची सोडियम, पोटॅशियम ही एक इलेक्ट्रॉन टाकायला अधीर. लुईसला यातून वाटले, की अणूच्या बाहेरच्या भागात आठ जागा असाव्यात आणि त्या भरल्या की अणू तृप्त होत असावा.

आठ जागा म्हणजे काय, तर त्याने घन काढले. घनाला आठ कोपरे असतात. लिथियमच्या घनाचा एक कोपरा भरलेला, बेरिलियमचे दोन, असे करत फ्लोरीनचे सात. २८ मार्च १९०२ ही तारीख असलेल्या त्याच्या टिपणात हाताने काढलेले हे घन आहेत आणि कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉनची खूण आहे. टिपण त्याने छापले नाही. अणूबंधांविषयी असे तर्क लढवण्याला हार्वर्डमध्ये त्या काळी मान नव्हता. आपले म्हणणे ऐकून घेण्याइतका रस असलेले कुणी आपल्याला तिथे भेटले नाही, असे त्याने पुढे सांगितले. मधे तो फिलिपाइन्समध्ये मनिलाला वजने-मापे खात्याचा अधीक्षक म्हणून जाऊन आला, नंतर एमआयटीत राहिला आणि १९१२ मध्ये बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रसायनशास्त्र महाविद्यालयाचा प्रमुख होऊन आला. घन त्याच्या कागदांत तसेच पडून होते.

लुईसचे टिपण पडून होते त्या चौदा वर्षांत अणूचे चित्र इतरांच्या हातून भराभर पालटत गेले. १९०४ मध्ये रिचर्ड आबेग याने एक नोंद केली: एखाद्या मूलद्रव्याची सर्वांत मोठी धन संयुजा आणि सर्वांत मोठी ऋण संयुजा यांची बेरीज बहुधा आठ भरते. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, त्यांतले काही मागे उलटले, आणि १९११ मध्ये रदरफर्डने त्यावरून केंद्रक मांडले. १९१३ मध्ये नील्स बोरने त्याभोवती इलेक्ट्रॉनच्या ठरावीक कक्षा कल्पिल्या. त्याच वर्षी मोसलीने क्ष-किरणांवरून अणुअंकाला खरा पाया दिला.

कवचांची नावे ‘ए’पासून न लागता ‘के’पासून का लागतात, असे मुले विचारतात. विचारायलाच हवे, कारण याचे उत्तरही याच काळात आहे. इंग्लंडमधला चार्ल्स बार्कला हा पदार्थांतून निघणाऱ्या क्ष-किरणांचा अभ्यास करत होता. त्याला दोन प्रकारचे किरण ठळकपणे दिसले, एक जास्त भेदक आणि एक कमी. आधी त्याने त्यांना ‘बी’ आणि ‘ए’ म्हटले. मग त्याच्या लक्षात आले, की याहून भेदक आणि याहून सौम्य किरणही कदाचित सापडतील, तेव्हा दोन्ही बाजूंना अक्षरे शिल्लक असलेली बरी. म्हणून १९११ मध्ये त्याने इंग्रजी वर्णमालेच्या मध्यावरची ‘के’ आणि ‘एल’ ही अक्षरे घेतली. ‘के’च्या आतले काहीही सापडले नाही. ‘एल’च्या बाहेर ‘एम’, ‘एन’ सापडले. ‘के’ किरण सर्वांत आतल्या कवचातून येतात हे पुढे कळले, आणि नवे काही सापडले तर जागा असावी म्हणून राखून ठेवलेल्या त्या रिकाम्या अक्षरांसकट ही नावे शाळेत आली. बार्कलाला १९१७ चे नोबेल मिळाले. एका सावध माणसाने पुढच्यांसाठी ठेवलेली ही जागा आहे, एवढे सांगितले तरी मुलांना ‘के, एल, एम, एन’ पाठ करण्याचा कंटाळा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता बर्कली. १९१६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लुईसचा ‘अणू आणि रेणू’ या अर्थाच्या नावाचा लेख आला. आपल्या वहीतले ठिपके याच लेखातून निघाले. त्यात त्याचे जुने घन आहेत, आणि त्या घनांना निरोपही आहे.

घनांनी पुष्कळ काही साधत होते. सोडियमच्या घनावरचा एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या रिकाम्या कोपऱ्यात गेला की मीठ. दोन क्लोरीन अणूंनी एकेक कड सामाईक केली, की त्या कडेवरचे दोन इलेक्ट्रॉन दोघांच्या हिशेबात येतात. हा एकेरी बंध. एक पूर्ण बाजू सामाईक केली की चार इलेक्ट्रॉन. हा दुहेरी बंध. पण तिहेरी बंध? नायट्रोजनच्या रेणूत तो आहे, ॲसिटिलिनमध्ये आहे. दोन घन एकमेकांना कसेही भिडवा, सहा कोपरे सामाईक होत नाहीत. शिवाय एकेरी बंधाभोवती अणू मोकळे फिरू शकतात हे रसायनशास्त्रज्ञांना माहीत होते, आणि कडेला कड चिकटलेले घन फिरू शकत नाहीत. त्याच लेखात लुईसने इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोड्यांनी एकत्र ओढले आणि त्या चार जोड्या चतुष्फलकाच्या चार शिरोबिंदूंवर ठेवल्या. आता एक शिरोबिंदू सामाईक म्हणजे एकेरी बंध, एक कड म्हणजे दुहेरी, एक बाजू म्हणजे तिहेरी. सगळे जुळले. आठाचा आकडा राहिला, पण त्याच्या पोटात दोनाचा आकडा दिसू लागला.

हे सारे कागदावर कसे दाखवायचे? लुईसने अक्षराशेजारी ठिपके दिले आणि दोन ठिपक्यांच्या जोडीसाठी इंग्रजी विसर्गचिन्ह वापरले, एकावर एक दोन टिंबे. दोन ‘एच’ आणि मधे ती टिंबे म्हणजे हायड्रोजनचा रेणू. हे चिन्ह कुठल्याही छापखान्यात तयार खिळ्यांत मिळणारे होते. चतुष्फलकाचा ठसा मुद्दाम करवून घ्यावा लागला असता. ठिपक्यांच्या प्रसाराला या सोयीचा मोठा हात असावा असा माझा तर्क आहे.

या मांडणीतली आणखी एक खुबी शाळेत बहुतेक वेळा निसटते. ‘ओ’ हे अक्षर तिथे केवळ केंद्रक दाखवत नाही. केंद्रक आणि आतली भरलेली कवचे मिळून जो गाभा होतो, जो रासायनिक क्रियेत जसाच्या तसा राहतो, त्याच्यासाठी ते अक्षर आहे. म्हणून ऑक्सिजनचे आठ इलेक्ट्रॉन असून ठिपके सहाच. ‘उरलेले दोन कुठे गेले?’ असे मूल विचारते तेव्हा ‘ते मोजायचे नसतात’ हे उत्तर पुरेसे नाही. ते अक्षराच्या आत आहेत, असे सांगावे; लुईसच्या मनात तेच होते.

ठिपके म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रांगोळी येते. आधी ठिपके, मग त्यांना जोडणाऱ्या रेषा. रसायनशास्त्रात क्रम उलटा झाला. रेषा आधी आली. १८५८ मध्ये स्कॉटलंडच्या आर्चिबाल्ड कूपरने अणूंमधला बंध रेघेने दाखवला, १८६० च्या दशकात क्रम ब्राउनने अक्षरांमधल्या रेघांची पद्धत रुळवली, आणि मग अर्धशतकाहून जास्त काळ रसायनशास्त्रज्ञ त्या रेघा काढत राहिले. रेघ म्हणजे नेमके काय, हे कुणालाही सांगता येत नव्हते. ती हिशेबाची खूण होती. लुईसने सांगितले, की ही रेघ म्हणजे दोन अणूंनी सामाईक वापरलेले दोन इलेक्ट्रॉन. कार्बनी रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तोवर काढलेल्या सगळ्या रेघांना त्या एका वाक्याने अर्थ आला.

त्याच १९१६ मध्ये जर्मनीत वाल्टर कोसेलनेही आठाची कल्पना स्वतंत्रपणे मांडली. त्याचा भर इलेक्ट्रॉन देण्याघेण्यावर, म्हणजे आयनिक बंधावर होता. लुईस १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला, विषारी वायूंपासून बचाव करण्याचे शिक्षण सैन्याला देण्याच्या कामावर. १९१९ मध्ये स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या आयर्व्हिंग लँगम्युरने ही कल्पना उचलून फुलवली. तो उत्तम वक्ता होता, व्याख्याने देत हिंडला. ‘अष्टक’ आणि ‘सहसंयुजा’ या अर्थाचे इंग्रजी शब्द त्याचे. लोक सिद्धांताला लुईस-लँगम्युर म्हणू लागले, काही जण नुसते लँगम्युरचा म्हणू लागले, आणि लुईसला ते फार लागले. लँगम्युरला १९३२ मध्ये नोबेल मिळाले, ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी. लुईसचे नाव नोबेलसाठी चाळीसहून अधिक वेळा सुचवले गेले. त्याला ते कधीच मिळाले नाही.

लँगम्युरचे श्रेय मला कमी करायचे नाही. त्याच्यामुळे ही गोष्ट वर्गावर्गांत गेली. पण गेली ती ‘अष्टक’ म्हणून, आणि इथे एक नुकसान झाले असे मला वाटते. लुईसच्या मते आठाचा नियम महत्त्वाचा होता, पण दोनाचा नियम त्याहून मूलभूत होता. हेलियम दोनावर तृप्त आहे, हायड्रोजनला दोनच हवेत. त्याने पाहिले की तोवर माहीत असलेल्या असंख्य संयुगांत इलेक्ट्रॉनची एकूण संख्या जवळजवळ नेहमी सम असते. नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, क्लोरीन डायऑक्साइड असे थोडेच विषम निघतात, आणि त्यांतले बरेचसे दुसऱ्याशी संयोग करायला उतावीळ असतात. निसर्गाला जोडी आवडते, आणि चार जोड्या झाल्या की आठ होतात. आपली मुले आठ घोकतात. त्यांना दोन शिकवले, तर आठ आपोआप येतील आणि जिथे आठ येत नाहीत तिथे ती गोंधळणार नाहीत.

एक गोष्ट शाळेच्या पुस्तकांनी नकळत मिटवून टाकली आहे. बोरची वर्तुळे आणि लुईसचे ठिपके आज एकाच धड्यात, शेजारशेजारच्या पानांवर सुखाने नांदतात. १९२० च्या सुमारास ती भांडणारी दोन घराणी होती. बोरचे इलेक्ट्रॉन अखंड फिरणारे, कारण भौतिकशास्त्रज्ञाला प्रकाशाच्या वर्णपटाचा उलगडा करायचा होता. लुईसचे इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बसलेले, कारण रसायनशास्त्रज्ञाला रेणूंचे ठाम आकार समजावून घ्यायचे होते. फिरणारे इलेक्ट्रॉन दोन अणूंच्या मधे थांबून बंध कसा करतील? आणि ऋणप्रभाराचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटायचे सोडून जोडी कशी जमवतील? लुईसकडे याचे उत्तर नव्हते. आपल्याला कारण माहीत नाही हे मान्य करूनही जोडी खरी आहे, यावर तो ठाम राहिला, कारण संयुगे तसे सांगत होती.

कारण नंतर आले. १९२५ मध्ये पाउलीचे अपवर्जन तत्त्व आले आणि त्याच वर्षी इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची कल्पना. एका जागी दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात आणि त्यांचे परिवलन परस्परविरुद्ध असते. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन यांनी पुंजयामिकीने हायड्रोजनच्या रेणूचे गणित मांडले, आणि दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत ती जोडी ऊर्जा कमी करून रेणूला बांधते, हे दिसले. दोन, आठ, अठरा, बत्तीस हे कवचांचे आकडेही याच वाटेने उलगडले. घन गेले, बसलेले इलेक्ट्रॉन गेले, फिरती वर्तुळेही गेली. ठिपके राहिले, कारण त्यांनी इलेक्ट्रॉन कुठे आहे असे कधी म्हटलेच नव्हते. ते किती आहेत आणि कुणाशी जोडलेले आहेत एवढेच सांगत होते. लायनस पॉलिंगने १९३९ मध्ये रासायनिक बंधावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लुईसला अर्पण केला.

ठिपके शाळेपर्यंत कसे पोचले, याचीही वाट बर्कलीतूनच जाते. लुईसच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्याचे काम कमी प्रतीचे मानले जात नसे. अनुभवी प्राध्यापक ते करत. जोएल हिल्डब्रँड १९१३ मध्ये तिथे आला आणि १९५२ मध्ये निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र शिकवत राहिला. सुमारे ४० हजार मुले त्याच्या हाताखालून गेली असे सांगतात. त्याचे नवशिक्यांसाठीचे पुस्तक १९१८ मध्ये निघाले. तीन हजार मैलांवरच्या एका वर्गात १९०२ मध्ये सुचलेले चित्र पुन्हा नवशिक्यांच्या वर्गात परतले ते असे.

पुढचा दुवा ग्लेन सीबोर्ग. १९३७ ते १९३९ ही दोन वर्षे तो लुईसचा संशोधन-सहायक होता. १९४१ च्या फेब्रुवारीत बर्कलीतल्याच गिलमन हॉलच्या ३०७ क्रमांकाच्या खोलीत त्याने आणि सहकाऱ्यांनी प्लुटोनियम ओळखले. १९४४ मध्ये त्याने ॲक्टिनियमपासूनची मूलद्रव्ये आवर्तसारणीच्या मुख्य भागातून उचलून खाली वेगळ्या ओळीत ठेवायला सांगितले. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात खाली दिसणाऱ्या दोन ओळींतली दुसरी ती. त्याच सारणीत बर्केलियम, कॅलिफोर्नियम, लॉरेन्सियम, सीबोर्गियम अशी या भागातली नावे आहेत, आणि फ्रीमाँटच्या पूर्वेकडच्या डोंगरांपलीकडे असलेल्या लिव्हरमोर गावावरून २०१२ मध्ये नाव मिळालेले लिव्हरमोरियमही.

सीबोर्गला रसायनशास्त्राची गोडी हायस्कूलमध्ये लागली, लॉस एंजेलिसच्या जॉर्डन हायस्कूलमधल्या ड्वाइट लोगन रीड या शिक्षकांमुळे. तो हे आयुष्यभर सांगत राहिला. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत शाळांच्या विज्ञानाची चिंता सुरू झाली. १९६० मध्ये सरकारी निधीतून ‘केम स्टडी’ हा प्रकल्प उभा राहिला तेव्हा त्याच्या समितीचे अध्यक्षपद सीबोर्गने घेतले. बर्कलीच्या जॉर्ज पिमेंटेलने संपादित केलेले त्याचे पाठ्यपुस्तक १९६३ मध्ये निघाले. आधी प्रयोग, मग नियम, असा त्याचा क्रम होता. भारतातही १९६० च्या दशकात अमेरिकेच्या साहाय्याने शिक्षकांसाठी उन्हाळी विज्ञानवर्ग भरत आणि त्यांत केम स्टडीचे साहित्य वापरले जाई. त्या दशकाच्या शेवटाकडे, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारती स्थापन झाली.

या प्रवासात ठिपक्यांना एक सोबती मिळाला: फुली. आपल्याकडच्या अनेक पुस्तकांत पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी आणि हायड्रोजनचे फुल्यांनी दाखवतात. फ्रीमाँटच्या वर्गात बहुधा सगळे ठिपकेच असतात. ‘बाबा, तुमचे हे क्रॉस कशाला?’ असे मुलाने विचारले की बाबांना वाटते इथे नीट शिकवत नाहीत. फुलीची सोय खरी आहे, कुणी किती दिले हे नवशिक्याला दिसते. पण एकदा बंध झाला की इलेक्ट्रॉनवर मालकाचे नाव राहत नाही. सगळे इलेक्ट्रॉन एकसारखे, लुईसने म्हणूनच एकच खूण वापरली. मी स्वतः फुल्या वापरून शिकले. आता मुलांना पहिला आठवडा फुल्या काढू देते, नंतर त्या काढून टाकायला लावते.

ठिपके चुकतात तेही सांगायला हवे, आणि ते लवकर सांगायला हवे. ऑक्सिजनच्या रेणूत ठिपके मांडले तर दुहेरी बंध येतो आणि सगळ्या जोड्या पुऱ्या होतात. पण द्रवरूप ऑक्सिजन लोहचुंबकाच्या ध्रुवांमधे अडकून राहतो, म्हणजे त्यात दोन इलेक्ट्रॉन बिनजोडीचे आहेत. याचा उलगडा १९२९ मध्ये लेनर्ड-जोन्सने रेण्वीय कक्षकांच्या मार्गाने केला. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरला सहा बंध असतात, ते चार जोड्यांत बसत नाहीत. आणि ज्या राजवायूंच्या तृप्तीवरून हे सगळे सुरू झाले, त्यांतल्या झेनॉनचे संयुग नील बार्टलेटने कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तयार केले. तारीख होती २३ मार्च १९६२. लुईस गेला तो २३ मार्च १९४६ रोजी, बर्कलीतल्या आपल्या प्रयोगशाळेत काम करता करता. बार्टलेट पुढे १९६९ मध्ये बर्कलीलाच प्राध्यापक म्हणून आला. अष्टक पुरे झाले म्हणजे अणू कायमचा मिटला, ही समजूत मोडणारा माणूस लुईसच्याच महाविद्यालयात शिकवू लागला.

तरीही फ्रीमाँटसारख्या गावात ठिपके जुने होत नाहीत. इथल्या विजेच्या मोटारींच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बॅटरीत लिथियम आहे, आणि ‘एल-आय’शेजारी एकच ठिपका असतो. तो सहज सुटतो, म्हणून लिथियम आयन विद्युत्प्रभार वाहून नेतो. कितीतरी मराठी आईबाबा ज्या चिपच्या धंद्यात आहेत त्याची सुरुवात सिलिकॉनच्या चार ठिपक्यांपासून होते. शुद्ध सिलिकॉनमध्ये प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी चार जोड्या करून बसलेला असतो, मोकळे काही उरत नाही. त्यात लेशमात्र फॉस्फरस मिसळला, तर त्याच्या पाच ठिपक्यांतला एक जोडीविना राहतो आणि वीज वाहायला मोकळा होतो. बोरॉन मिसळला, तर त्याच्या तीन ठिपक्यांमुळे एक जागा रिकामी राहते आणि ती जागाच प्रभारासारखी सरकू लागते. शाळकरी मुलाला हे पाच मिनिटांत ठिपक्यांनी दाखवता येते आणि त्यात खोटे काही नाही.

चिपवर नक्षी कोरण्याची यंत्रे करणाऱ्या लॅम रिसर्च कंपनीचे मुख्यालय फ्रीमाँटमध्येच आहे. १९८० मध्ये डेव्हिड लॅम यांनी ती सुरू केली. सिलिकॉन कोरण्याची एक प्रचलित रीत अशी, की फ्लोरीन असलेल्या वायूचा प्लाझ्मा करतात आणि त्यातून फ्लोरीनचे सुटे अणू निघतात. ‘एफ’भोवती सात ठिपके, म्हणजे तीन जोड्या आणि एक एकटा. सिलिकॉनचे चार ठिपके, चारही जोडी करायला मोकळे. चार फ्लोरीन एका सिलिकॉनला धरतात, चार नव्या जोड्या होतात आणि सिलिकॉन टेट्राफ्लोराइड तयार होते. ते उणे ८६ अंश सेल्सियसलाच उकळते, म्हणून नेहमीच्या तापमानाला वायू असते आणि पंपाने ओढून काढता येते. घन सिलिकॉन जिथे फ्लोरीन लागला तिथून वायू होऊन निघून जातो आणि खाच उरते. पहिल्यांदा ठिपके मांडणाऱ्या मुलाला मी क्लोरीन आणि सोडियमच्या आधी हे उदाहरण देते, कारण त्यातले दोन्ही आकडे, चार आणि सात, त्याला आवर्तसारणीतून स्वतः वाचता येतात, आणि त्यावरून किती फ्लोरीन लागतील हे कुणी न सांगता तो काढू शकतो.